टेंपरवारी शेठ

शेठच्या दुकानावर एक कापडी फलक होता. त्यावर 'शुभारंभ' एवढंच वाचता यायचं. कशाचा शुभारंभ आणि कुणाच्या हस्ते, हे ऊनपावसाने केव्हाच धुऊन नेलं होतं. ओतूरच्या एसटी स्टँडवर उतरलेला एखादा नवखा माणूस तो फलक वाचून आत शिरायचा आणि नव्या दुकानाबद्दल शेठचं अभिनंदन करायचा. सत्तरीला आलेले शेठ हात जोडून ते स्वीकारायचे, पाहुण्याला चहा पाजायचे आणि तो निघताना सांगायचे, "बोर्ड टेंपरवारी हाय. पक्का करायचाय." तो फलक लागला तेव्हा त्यांच्या मुलाचा जन्म व्हायचा होता. मुलगा आता पुण्यात एका कंपनीत साहेब आहे.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेत असेन तेवढा वेळ मी प्राध्यापिका, बाकीचा वेळ मी शेठच्या माडीवरची भाडेकरू. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच खुर्ची. तेव्हा 'टेंपररी' या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशात बघायची गरज नव्हती. थोड्या काळापुरता, तात्पुरता, लवकरच संपणारा. वर्गात मी हाच अर्थ फळ्यावर लिहायची. पण जिना उतरून खाली दुकानात गेलं की त्या शब्दाने कात टाकलेली असायची. तिथे तो इंग्रजी राहिलेला नव्हता आणि लवकर संपणारा तर मुळीच नव्हता.

शेठचं दुकान शेतीच्या मोटरपंपांचं. पुढे पंप, पाइप, वायसर, पट्टे. मागच्या खोलीत जळालेल्या मोटरी उघडून त्यांचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, नव्याने भरायचं काम. त्यांचे आजोबा, जैन व्यापारी, मारवाडातून एका हंगामापुरते कापड विकायला आले होते. हंगाम सरला, आजोबा राहिले. शेठ जन्मले ओतूरला, शिकले ओतूरला, आणि मराठी अशी बोलायचे की राजस्थानातले नातेवाईक लग्नाकार्यात त्यांना मुद्दाम बोलतं करून हसायचे. तरी कुणी गाव विचारलं की उत्तर ठरलेलं. "मूळ मारवाडचे. सध्या ओतूर." या 'सध्या'त त्यांची तिसरी पिढी म्हातारी झाली होती.

दुकानातली प्रत्येक वस्तू टेंपरवारी होती. गल्ल्यामागच्या खुर्चीचा एक पाय म्हणजे पाइपाचा तुकडा होता. पंख्याचं बटण सायकलच्या घंटीच्या झाकणात बसवलेलं होतं. माझ्या खोलीचा नळ गळायला लागला तेव्हा शेठनी स्वतः येऊन त्याला ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि म्हणाले, "टेंपरवारी केलंय, मॅडम." ते रबर अजून आहे. उलट शेजारच्या दुकानदाराने प्लंबर बोलावून नळ पक्का करून घेतला, तो दिवाळीच्या आत पुन्हा गळला. मी शेठना याचं इंगित विचारलं. ते म्हणाले, "पक्कं म्हनलं की मानूस वळून बघत न्हाई. टेंपरवारीवर ध्यान राहतं."

लोकांच्या सुखदुःखालाही ते हाच मलम लावायचे. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची सून माहेरी निघून गेली, कांद्याचा भाव पडला, की शेठ मान डोलवत म्हणायचे, "टेंपरवारी हाय. बसा, पानी प्या." ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. पण कांद्याचा भाव चढला तरी ते हेच म्हणायचे, आणि ते मात्र कुणाला आवडायचं नाही. एकदा एक शेतकरी धापा टाकत आला. त्याच्या उसात बिबट्या शिरला होता, आणि त्यामुळे पाणी द्यायला कुणी रानात पाऊल टाकेना. शेठ म्हणाले, "घाबरू नको, टेंपरवारी हाय." तो म्हणाला, "मला काय सांगता? त्याला सांगा की!"

लग्नसमारंभात शेठच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, त्यांच्या अगदी खेटून उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं काय हे प्रेम. खरं कारण भाभींनी मला सांगितलं. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या बापाने डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, "शेठ, जोडा कसा वाटतो?" आणि शेठच्या तोंडून सवयीने तो शब्द निघायलाच आला होता. भाभींनी असा चिमटा काढला की शेठ 'टें' वर थांबले, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. त्या दिवसापासून भाभींनी जागा सोडली नाही.

भाभींबद्दल काय सांगू! ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी वाळत घालणाऱ्या. पापड, सांडगे, मिरच्या, नाहीतर शेठचे धोतरासारखे लांब रुमाल. शेठ ज्याला टेंपरवारी म्हणत त्यावर गुपचूप दोन टाके जास्त घालणं, हा त्यांचा संसार. एका जूनमध्ये मी मुलाखतीहून फार चिडून आले होते. शेठ म्हणाले, "मॅडम, परमनंट काय असतं? मार्कर. त्यो बी थिनरनं पुसतो." मी ताडकन म्हणाले, "शेठ, मला नोकरी हवीय, प्रवचन नकोय." शेठ मागच्या खोलीत निघून गेले. संध्याकाळी भाभी माझ्या खोलीत आल्या, हातात भाजलेल्या पापडांची चळत. "त्यांना वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "खा आता. आणि नोकरी पक्की होईल तुमची. त्यांचं ऐकू नका." मी पापड खाता खाता रडले. परगावी एकट्या राहणाऱ्या बाईला असं कुणीतरी लागतं, आणि मला ती दोघं मिळाली.

पण शेठचं नाव जुन्नर तालुक्यात आणि पलीकडे आंबेगावातही ज्याच्यामुळे होतं, ती चीज वेगळीच होती. ती म्हणजे 'टेंपरवारी मोटर'. ऐन उन्हाळ्यात कुणाची विहिरीवरची मोटर जळाली की ती भरून मिळायला वेळ लागणार, आणि तोवर कांदा काही थांबत नाही. अशा वेळी शेठ आपली स्वतःची एक निळी मोटर त्याच्या पिकअपमध्ये चढवून द्यायचे. "तुझी व्हईस्तवर टेंपरवारी ही चालव." आपली मोटर दुरुस्त झाली की ती परत आणायची, किंवा शेठना विचारून दुसऱ्या अडलेल्याला परस्पर द्यायची. बस, एवढाच नियम. तालुक्यातल्या कुठल्या विहिरीला किती पाणी, हे त्या मोटरीइतकं कुणाला माहीत नसेल. कुणाच्या रानात गेली की तिला माहेरवाशिणीसारखं जपायचे लोक.

हे जपणं एकदा अंगाशी आलं. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. त्या वर्षी मोटर ज्याच्याकडे होती त्या भाविकाने तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि दगडावर फोडायचा नारळ भक्तीच्या भरात तिच्यावरच फोडला. पाणी आत गेलं. त्याने नमस्कार करून बटण दाबलं आणि धूर निघाला. हारासकट ती दुकानात आली. तो बिचारा मान खाली घालून उभा. शेठनी मोटर हुंगली, हार काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "भक्ती परमनंट झाली, मोटर टेंपरवारी." मग तिचं वाइंडिंग पुन्हा भरलं आणि ती परत फिरायला निघाली.

असं सगळं चाललेलं असताना भाभींचे गुडघे गेले. पुण्यात दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली. शेठचं घरही माझ्या खोलीशेजारी माडीवरच, आणि जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. त्या मुलाच्या फ्लॅटवर राहिल्या. मुलगा रोज शेठना फोन करायचा. पप्पा, दुकान देऊन टाका, इकडे या, मम्मी वाट बघतेय. शेठनी कधी नाही म्हटलं नाही. भर दुकानात, चार गिऱ्हाईकं बसलेली असताना, ते फोनवर म्हणाले, "येतो की. फक्त आपली मोटर बेल्ह्याला गेलीय. ती तेवढी आली की निघतो."

त्या चार गिऱ्हाइकांत बोरी बुद्रुकच्या इंदूमावशी होत्या. नवरा गेल्यापासून चार एकर एकटीने करणारी बाई, आवाज असा की मोटर चालू असतानाही ऐकू यावा. त्या वायसर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ते वाक्य ऐकलं, वायसर पिशवीत टाकला आणि निघून गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला बैलांच्या दावणीतून एक निरोप फिरला. निरोप मला नंतर कळला, तो असा होता: "मोटर ओतूरात न्यायची न्हाई. न्हेली की शेठ ग्येलं."

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. मोटर बेल्ह्याहून बोरीला गेली, बोरीहून आणखी कुठे, तिथून घोड नदी ओलांडून आंबेगावात. जळो न जळो, प्रत्येकाला ती हवीच होती. ज्यांच्या मोटरी ठणठणीत होत्या त्यांनी ती नेली. एकाच्या रानात तर विहीरच नव्हती, सगळं कालव्याचं पाणी. शेठनी त्याला फोन करून विचारलं, "अरं, तुला कशाला मोटर?" तो म्हणाला, "पुढंमागं विहीर खोदली तर असावी, शेठ. टेंपरवारी ठिवलीय." ज्याला त्याला आता तो शब्द सापडला होता. जन्मभर शेठनी लोकांवर टाकलेला शब्द लोक दामदुपटीने त्यांच्याच अंगावर टाकत होते. शेठ फोन ठेवून हसत सुटायचे आणि मुलाला कळवायचे, "अजून आली न्हाई रं."

मुलगा हुशार. तो म्हणाला, "पप्पा, मी त्यांना नवीन मोटर घेऊन देतो. तुम्ही या." शेठना राग आला. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "मोटर दिऊन मिटत असतं व्हय? लोकाची चीज लोकाकडं आसताना मानूस असा उठून जातो व्हय?" चीज लोकांची नव्हती, त्यांचीच होती. पण ते त्यांना सांगणार कोण?

गावाला वाटत होतं, आपण शेठना धरून ठेवलंय. मी माडीवर राहते, मला वरून जास्त दिसतं. एका सकाळी कटात नसलेला एक भोळा माणूस खरंच ती मोटर पिकअपमध्ये घालून दुकानासमोर हजर झाला. शेठ खुर्चीवरून उठले. गाडीच्या फळीला त्याने हात घातला, तोच शेठ ओरडले, "उतरवू नको! आळ्याला एकाची जळालीय म्हनं. तसाच जा." त्याने विचारलं, "कुनाची?" शेठ म्हणाले, "जा तर खरं. गावात विचार." तो बिचारा गेला. शेठनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसून उगाचच एक नट पुसत राहिले.

इकडे भाभी मला फोन करायच्या. पहिलाच प्रश्न, "मॅडम, मोटर आली का?" मी त्यांना विहीर नसलेल्या माणसाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या एवढ्या हसल्या की पोट दुखलं म्हणाल्या. "लोक लई चांगले आहेत हो आपल्याकडचे." आळ्याला पाठवलेल्या मोटरीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. पुढे पुढे त्यांचं हसणं कमी झालं. मग एका फोनवर त्यांनी नळाचं विचारलं, कॉलेजचं विचारलं, शेठच्या खोकल्याचं विचारलं, आणि मोटरीचं विचारलंच नाही. फोन ठेवल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

मी तडक खाली गेले. "शेठ, भाभींना करमत नाही तिकडे." शेठ वायर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "टेंपरवारी हाय, मॅडम. गुडघं बसलं की येईल ती हिकडं." भाभी तो जिना पुन्हा चढणार नव्हत्या. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या तोंडून तो शब्द मला पहिल्यांदा खोटा वाटला. मी वर आले.

आता शेठ पुण्यात असतात. दुकान मागच्या खोलीतल्या कारागिराने घेतलं आहे आणि त्याने पत्र्याचा, अक्षरं उठावाची असलेला पक्का बोर्ड लावला आहे. माझी नोकरी अजून तासिका तत्त्वावरच आहे. शेठ अधूनमधून फोन करून विचारतात, "मॅडम, परमनंट झाल्या का?" मी नाही म्हटलं की म्हणतात, "मग पोरांकडं ध्यान ठिवा." मागून भाभींचा आवाज येतो, "त्यांचं ऐकू नका!" मग त्या दोघांचं तिकडेच जुंपतं आणि मी फोन कानाला लावून ऐकत बसते. वर्गात 'टेंपररी'चा अर्थ सांगायची वेळ आली की मी अजूनही फळ्यावर तात्पुरता असंच लिहिते. परीक्षेत तेच लिहायचं असतं. पण मुलांना सांगते, की हा शब्द वापरणारा माणूस कोण आहे ते आधी बघा.

मात्र ते गेले कसे, ते सांगायचं राहिलं.

इंदूमावशींची लेक पुण्यात असते. तिच्या बाळंतपणासाठी मावशी तिकडे गेल्या होत्या. गेल्याच आहोत तर म्हणून मेथीची जुडी आणि पिशवीभर टोमॅटो घेऊन त्या एका संध्याकाळी भाभींना भेटायला त्यांच्या फ्लॅटवर गेल्या. परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भर दुपारी त्यांचा पिकअप दुकानासमोर थांबला. मी नुकतीच कॉलेजातून येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर चपला काढत होते. मावशींनी कुणाला काही विचारलं नाही. दोन गड्यांकडून मोटर उतरवून घेतली आणि दुकानाच्या दारात मधोमध ठेवली. धुऊनपुसून लख्ख केलेली होती.

शेठ उठून बाहेर आले. "इंदूबाई, अहो, आंबेगावात एकाला पायजे व्हती..."

"कुनाला नगं हाय," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा खाली आलेला ऐकला. "शेठ, मी भाभींकडं गेलते. तुमच्या धर्मात दिस मावळायच्या आत जेवत्यात ना? पोरगा-सून हापिसातनं येत्यात अंधार पडल्याव. म्हातारी एकलीच बसलीवती ताटावर. मला म्हनली, बसा की जेवायला, रोज दोन मानसांचं करती मी, सवय जात न्हाई. दुसरं ताट वाढून ठिवलं व्हतं, शेठ. रोज ठिवती. मग सकाळी कामवालीला देती."

रस्त्यावरून एक एसटी गेली. शेठ ती नजरेआड होईपर्यंत बघत राहिले. मावशीच पुढे म्हणाल्या, "तुमाला अडवायचं मीच काढलं व्हतं. बाजारात निरोप मीच दिलावता. चुकलं न्हाई म्हनत मी. तुमी गेलं की आमी कुनाकडं जायाचं? पर ती बाई लई दिस एकली जेवली. आता बास."

शेठ मोटरीपाशी उकिडवे बसले. तिच्या मागच्या पंख्यात बोटं घालून त्यांनी ती हाताने फिरवली. अजिबात आवाज न करता ती फिरली. त्यांनी पुन्हा फिरवली, वाकून कान लावला, टर्मिनलचं झाकण उघडलं, बंद केलं.

"चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळपतुर पानी टाकलंय तिनं."

"बेरिंग?"

"नवं टाकलं."

"म्हंजे काहीच फॉल्ट न्हाई."

"काहीच न्हाई."

शेठ तसेच बसून राहिले, हात मोटरीवर ठेवून. मग मान वर करून, एखाद्या लहान मुलाने तक्रार करावी तसे म्हणाले, "एखादा तरी फॉल्ट करून आनायचा व्हता, इंदूबाई."

"मनात आलं व्हतं, शेठ," मावशी म्हणाल्या. "हात धजला न्हाई."